आतली कडी

नोव्हेंबर १९४६. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात, फेडरल कोर्टात एक खटला संपत आला होता. आरोपी होता बेट्सबर्ग गावचा गोरा पोलीसप्रमुख लिनवुड शल. मुख्य साक्षीदार होता आयझॅक वुडर्ड, महायुद्धातून परतलेला काळा सार्जंट. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला सैन्यातून मोकळा झाल्यावर अंगावरच्या गणवेशातच तो बसने घरी निघाला होता. वाटेत लघवीला थांबण्यावरून ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. ड्रायव्हरने बेट्सबर्गला पोलीस बोलावले आणि तिथे दंडुक्याने वुडर्डचे दोन्ही डोळे फोडले गेले. काळ्या माणसाला मारल्याबद्दल गोऱ्या पोलिसावर खटला उभा राहणं हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. सरकारी वकिलांनी मात्र तो नुसता उरकून टाकला. ज्युरीत सगळे गोरे होते.

ज्युरी विचारविनिमयासाठी उठली तेव्हा न्यायाधीशही उठले. मी वीस मिनिटं फिरून येतो, असं त्यांनी कोर्टातल्या शिपायाला सांगितलं. शिपाई म्हणाला, साहेब, ज्युरीला वीस मिनिटं लागणार नाहीत. न्यायाधीश म्हणाले, लागतील, कारण मी परत येईपर्यंत त्यांना बाहेर येताच येणार नाही. ज्युरीने अर्ध्या तासाच्या आत शलला निर्दोष सोडलं. आंधळ्या माणसाची साक्ष पाच मिनिटांत झटकून टाकली, एवढं तरी नोंदीवर येऊ नये म्हणून न्यायाधीश त्या दिवशी रस्त्यावर चालत राहिले. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

त्यांचं नाव ज्युलियस वेटीस वेअरिंग. कोर्टात निकाल ऐकून रडत बाहेर पडलेल्या बाईंचं नाव एलिझाबेथ, त्यांची पत्नी. पुढच्या पाच वर्षांत या माणसाने दक्षिणेतल्या वर्णभेदाच्या इमारतीचे दोन मोठे खांब हलवले. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. न्यायाधीश नेमायचा कुणी, कॉलेजियमने (म्हणजे सुप्रीम कोर्टातल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने) की सरकारने, हा वाद आपण गेली कित्येक वर्षं घालतो आहोत. त्या वादात वेअरिंगची गोष्ट सांगायला हवी असं मला वाटतं, कारण ती दोन्ही बाजूंना गैरसोयीची आहे.

वेअरिंग जन्मले १८८० साली, चार्ल्सटन शहरात. सात-आठ पिढ्यांचं तिथलंच घराणं. वडील दक्षिणेच्या बाजूने यादवी युद्धात लढलेले, घराण्याने एके काळी गुलाम बाळगलेले. वकिली केली, काही वर्षं सहायक सरकारी वकील होते, मग चार्ल्सटन नगरपालिकेचे वकील झाले. तेव्हा तिथले महापौर होते बर्नेट मेबँक. १९३८च्या निवडणुकीत वेअरिंग यांनी एका सिनेटरचा चार्ल्सटनमधला प्रचार सांभाळला. हा सिनेटर म्हणजे एलिसन स्मिथ, टोपणनाव 'कॉटन एड'. १९३६ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात एका काळ्या धर्मोपदेशकाने प्रार्थना म्हटली म्हणून सभात्याग करून निघून गेलेला हा गृहस्थ. पुढे मेबँकही सिनेटर झाले. फेडरल जिल्हा न्यायाधीशाची जागा रिकामी झाली तेव्हा राज्याचे दोन्ही सिनेटर वेअरिंग यांचे ऋणानुबंधी होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाव पाठवलं, सिनेटने मान्य केलं आणि १९४२च्या जानेवारीत, वयाच्या ६१व्या वर्षी, वेअरिंग खुर्चीत बसले.

वशिला याला म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? आपल्याकडे अशी नेमणूक झाली असती तर बाररूममध्ये चहा थंड होईपर्यंत चर्चा रंगली असती, आणि ती योग्यच ठरली असती. अमेरिकेत मात्र खालच्या फेडरल कोर्टांच्या नेमणुका उघडपणे अशाच होतात. नाव राष्ट्राध्यक्षाचं, मंजुरी सिनेटची. पण त्या त्या राज्याच्या सिनेटरने निळ्या कागदावर होकार दिल्याशिवाय जिल्हा न्यायाधीशाचं नाव सहसा पुढे सरकत नाही. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. परीक्षा नाही, मुलाखतीचे गुण नाहीत.

याच वशिल्याने आलेल्या माणसाने मग काय केलं? आधी बारीकसारीक गोष्टी. कोर्टात काळ्यांनी वेगळं बसायची रीत मोडली. ज्युरीच्या यादीत काळ्यांच्या नावापुढे लावली जाणारी खूण काढून टाकली. काळा बेलिफ नेमला. काळ्या शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांएवढा पगार द्यावा असा हुकूम दिला. १९४५ साली पहिल्या पत्नीशी घटस्फोट घेऊन उत्तरेकडच्या, आधी दोनदा घटस्फोट झालेल्या एलिझाबेथशी लग्न केलं. चार्ल्सटनच्या प्रतिष्ठितांना हा घटस्फोट वर्णभेदावरच्या मतांइतकाच झोंबला असावा. काही चरित्रकार या लग्नातच त्यांच्या मतपरिवर्तनाचं मूळ शोधतात. मला ते अर्धंच पटतं, कारण शिक्षकांच्या पगाराचा हुकूम लग्नाच्या आधीचा आहे. वुडर्डच्या खटल्यानंतर मात्र दोघं नवरा-बायको रोज संध्याकाळी वंशभेदावरची पुस्तकं वाचत बसू लागले. साठी उलटलेला माणूस आपण ज्यात वाढलो ते सगळं पुन्हा तपासायला बसतो, हे दुर्मिळ आहे.

१९४७ साली मतदानाचा खटला आला. दक्षिण कॅरोलायनात तेव्हा एकाच पक्षाचं राज्य होतं. त्यामुळे खरी निवडणूक म्हणजे पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक, आणि तीत काळ्यांना प्रवेश नव्हता. सुप्रीम कोर्टाने १९४४ साली टेक्सासमधली अशी बंदी बेकायदा ठरवली तेव्हा दक्षिण कॅरोलायनाने वेगळी युक्ती काढली. प्राथमिक निवडणुकीसंबंधीचे दीडशेच्या आसपास कायदे एका झटक्यात रद्द केले आणि जाहीर केलं की आता पक्ष हा खाजगी क्लब आहे, क्लबात कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू. जॉर्ज एलमोर नावाच्या काळ्या दुकानदाराने याला आव्हान दिलं. वेअरिंग यांनी निकालात लिहिलं की दक्षिण कॅरोलायनाने पुन्हा संघराज्यात सामील व्हायची वेळ आता आली आहे. यादवी युद्ध संपून ८२ वर्षं झाली होती. हे वाक्य किती जिव्हारी लागलं असेल! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तीस हजारांहून अधिक काळ्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत मत टाकलं. एलमोरचा धंदा मात्र बुडाला.

आणि मग क्लॅरेंडन परगणा. तिथे गोऱ्या मुलांसाठी शाळेच्या तीस बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नाही. लोकांनी मागितली होती फक्त एक बस. पुढे मागणी समान शाळांची झाली आणि हॅरी ब्रिग्ज या पेट्रोलपंपावर काम करणाऱ्या माजी नौसैनिकाच्या नावाने दावा दाखल झाला. त्याची नोकरी गेली, हॉटेलात काम करणाऱ्या त्याच्या बायकोचीही गेली. १९५०च्या नोव्हेंबरमध्ये वेअरिंग यांनी वादींचे वकील थर्गुड मार्शल यांना सुचवलं की समान शाळा मागू नका, वेगळ्या शाळांवरच हल्ला चढवा. न्यायाधीशाने वकिलाला दाव्याची दिशा सुचवावी का, हा प्रश्न मला आजही टोचतो. आपल्या बाजूचा न्यायाधीश असं वागला की आपण त्याला द्रष्टा म्हणतो, समोरच्या बाजूचा वागला की पक्षपाती. वेअरिंग इथे रेषेच्या पलीकडे गेले होते असंच माझं मत आहे, आणि तरीही ते गेले याचा मला आनंद आहे. या दोन्ही गोष्टी मला एकत्र बाळगाव्या लागतात.

खटला तीन न्यायाधीशांपुढे चालला. १९५१च्या जूनमध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, वेगळ्या शाळा राहू द्या पण सुधारा. एक होते वेअरिंग. वेगळं ठेवणं हीच मुळात विषमता आहे, असं त्यांनी भिन्नमतात लिहिलं. तीन वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, सुप्रीम कोर्टाने एकमताने जवळपास तेच सांगितलं. ब्राउन निकाल म्हणून आपण जो ओळखतो त्यातल्या पाच खटल्यांपैकी हा एक.

बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायाधीश होते जॉन पार्कर, विद्वान आणि मवाळ म्हणून नावाजलेले. १९३० साली त्यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी पाठवलं गेलं होतं आणि सिनेटने ते ४१ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळलं होतं. वरच्या पायरीची आस पार्कर यांच्या लेखणीला आवरत होती का, हे सांगता येणार नाही. पण एकाहत्तरीला टेकलेल्या वेअरिंगना वर कुठेच जायचं नव्हतं, एवढं खरं. बढतीची आशा नसलेला न्यायाधीश हा काय प्रकार असतो ते या खटल्यात दिसतं.

आता दुसरा न्यायाधीश. विल्यम हॅरल्ड कॉक्स, मिसिसिपी. १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नेमले. सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष जेम्स ईस्टलँड हे कॉक्स यांचे कॉलेजातले खोलीसोबती. म्हणजे दार तेच, वशिल्याचं. फरक एवढाच की अमेरिकन बार असोसिएशनने या गृहस्थांना सगळ्यात वरचा शेरा दिला होता, 'असाधारण पात्र'. या असाधारण पात्र न्यायाधीशाने १९६४ साली मतदार नोंदणीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या काळ्या लोकांना भर कोर्टात चिंपांझी म्हटलं. त्याच वर्षी मिसिसिपीत नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला. त्या खटल्यातल्या बहुतेक आरोपींवरचे मुख्य आरोप कॉक्स यांनी काढून टाकले. सुप्रीम कोर्टाने १९६६ साली एकमताने ते परत लावले. १९६७ साली ज्युरीने सात जणांना दोषी ठरवलं आणि कॉक्स यांनी शिक्षा दिल्या तीन ते दहा वर्षांच्या.

एकाच प्रकारच्या दारातून एक वेअरिंग आला, एक कॉक्स आला. नेमणुकीच्या पद्धतीवरून न्यायाधीश कसा निघेल याचं भाकीत करता येत नाही, एवढं तरी यातून कळावं. आपला सगळा वाद मात्र दारापाशीच अडलेला आहे. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने कॉलेजियमच्या जागी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग चार विरुद्ध एक मताने रद्द केला तेव्हा एका बाजूला वाटलं की स्वातंत्र्य वाचलं, दुसऱ्या बाजूला वाटलं की घराणेशाही वाचली. दार कुणी उघडायचं यावर हजारो पानं लिहिली गेली. आत गेल्यावर माणसाला आतून कडी लावता येते का, हे फार थोड्यांनी विचारलं.

अमेरिकेच्या घटनेने ही कडी एकाच वाक्यात बसवली आहे. फेडरल न्यायाधीश वर्तन चांगलं असेपर्यंत पदावर राहील आणि त्याचा पगार पदावर असताना कमी करता येणार नाही. काढायचा तर महाभियोग. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळात असे फक्त आठ न्यायाधीश काढले गेले आहेत. चार्ल्सटनच्या न्यायाधीशाची गैरसोयीच्या निकालानंतर दुसऱ्या राज्यात बदली करता येत नाही. वेअरिंगच्या बाबतीत हे सगळं कसाला लागलं. महाभियोगासाठी सह्या गोळा झाल्या, राज्याच्या विधानसभेत ठराव आले. १९५०च्या मार्चमध्ये घराबाहेर क्रूस जाळला गेला, ऑक्टोबरमध्ये घरावर दगड आले, दारात फेडरल पोलिसांचा पहारा बसला. जुने मित्र रस्त्यात तोंड फिरवू लागले. पण खुर्ची हलली नाही, पगारातून एक डॉलर कापला गेला नाही. दहा वर्षं पुरी झाल्यावर १९५२ साली ते पूर्ण पगारावर निवृत्त झाले आणि न्यूयॉर्कला गेले.

बदली हा शब्द मात्र आपल्या ओळखीचा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१पासून पुण्यात सबजज्ज होते. सार्वजनिक सभेमागे त्यांचं डोकं आहे हे सरकारला ठाऊक होतं. १८७८ साली त्यांना नाशिकला हलवलं. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं आणि त्या संशयाच्या वातावरणात ऐन उन्हाळ्यात तडकाफडकी धुळ्याला. तिथे त्यांचं टपाल उघडून पाहिलं जाई. रानड्यांना नोकरीतून काढण्याची गरजच नव्हती, धुळं पुरेसं होतं. इंग्रज गेले, धुळं राहिलं. आणीबाणीत १९७६ साली हायकोर्टाच्या सोळा न्यायमूर्तींच्या एका दमात बदल्या झाल्या. गुजरातच्या न्यायमूर्ती संकलचंद शेठ यांनी आव्हान दिलं, तर सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं की बदलीला न्यायमूर्तीची संमती लागत नाही. आजही कॉलेजियम बदली करतं तेव्हा कारण म्हणून एक ठरीव ओळ येते, 'न्यायदानाच्या उत्तम व्यवस्थेसाठी'. बदली होणाऱ्यालाच काय, कुणालाच त्यातून काही कळत नाही.

दुसरी फट आहे अतिरिक्त न्यायमूर्तीची. घटनेत ही तरतूद तुंबलेली कामं निपटण्यासाठी, जास्तीत जास्त दोन वर्षांची. व्यवहारात ती उमेदवारी झाली आहे, आधी दोन वर्षं वागून दाखवा, मग कायम करू. उमेश लळित मुंबई हायकोर्टात अतिरिक्त न्यायमूर्ती होते. आणीबाणीत त्यांनी राजद्रोहाच्या प्रकरणांत जामीन दिले आणि ते कायम झाले नाहीत. त्यांचे चिरंजीव उदय लळित २०२२ साली सरन्यायाधीश झाले हा काळाने उगवलेला सूड म्हणायला छान आहे, पण वडिलांची खुर्ची त्याने परत येत नाही.

ही कहाणी ऐकली की सगळे हळहळतात. म्हणून जाणूनबुजून उलट बाजूचं उदाहरण घेतो. पुष्पा गनेडीवाला नागपूर खंडपीठात अतिरिक्त न्यायमूर्ती होत्या. जानेवारी २०२१मध्ये त्यांनी निकाल दिला की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालचा लैंगिक हल्ला होत नाही. देशभर संताप उसळला. कॉलेजियमने त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली, अतिरिक्त म्हणून एकच वर्ष वाढवून मिळालं आणि फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. आज तेवढं वाटत नाही. निकाल चुकीचाच होता आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१मध्ये तो रद्दही केला. चुकीच्या निकालावरचा इलाज अपील, आणि तो इलाज झाला होता. त्यानंतर माणसाची खुर्ची काढून घेतली की बाकीच्या शेकडो अतिरिक्त न्यायमूर्तींना आणि त्यांच्या खालच्या हजारो न्यायाधीशांना वेगळाच निरोप जातो. तो निरोप बालहक्कांचा नसतो, तो असतो वर्तमानपत्रात नाव येऊ देऊ नका एवढाच.

माझा मुद्दा इथे येऊन थांबतो. निर्भय न्यायाधीशाची चूक कागदावर असते, तिच्यावर अपील चालतं. कॉक्स यांचे निकाल वरच्या कोर्टांनी पुन्हा पुन्हा फिरवले. पण घाबरलेल्या न्यायाधीशाने जो जामीन दिला नाही, जी तारीख पुढे ढकलली, जो प्रश्न विचारला नाही, त्यावर अपील कुठे करणार? २०२२ साली सरन्यायाधीश झाल्यावर धनंजय चंद्रचूड यांनीच सांगितलं होतं की खालचे न्यायाधीश जामीन द्यायला कचरतात ते गुन्हा समजत नाही म्हणून नव्हे, आपल्यावर रोख येईल या भीतीने. आपला खालचा न्यायाधीश स्पर्धा परीक्षा देऊन, मुलाखतीत टिकून येतो. म्हणजे त्याचं दार वेअरिंगपेक्षा कितीतरी स्वच्छ. पण दर काही वर्षांनी बदली, दरवर्षी गोपनीय अहवाल आणि बढतीची शिडी वरच्यांच्या हातात. मुलं शाळेत, आईवडील गावाकडे, अशा माणसाकडून आपण वेअरिंग होण्याची अपेक्षा करतो. जिल्हा कोर्टातल्या वकिलांना विचारा, 'साहेबांची बदली झाली' या वाक्यात किती प्रकारचे सूर असतात ते.

कुणी म्हणेल, मग आजन्म नेमणूक हवी का? मुळीच नको. २०२० साली अमेरिकेत कॅथरिन मिझेल यांना वयाच्या ३३व्या वर्षी फ्लोरिडात फेडरल जिल्हा न्यायाधीश केलं गेलं. बार असोसिएशनने अनुभव कमी म्हणून त्यांना अपात्र ठरवलं होतं. दीड वर्षाने, एप्रिल २०२२मध्ये, त्यांनी विमानातल्या मास्कची सक्ती देशभरासाठी रद्द केली. त्या अजून चाळीस वर्षं बसू शकतात. ज्या पक्षाला तरुण न्यायाधीश सापडतो तो पुढच्या पिढीवर राज्य करतो, हा अमेरिकन कडीचा दोष आहे. वयाची मर्यादा आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे. फक्त निवृत्तीनंतर राज्यपालपद, राज्यसभा, आयोगाचं अध्यक्षपद यांचं गाजर समोर टांगलेलं असेल तर त्या मर्यादेचा उपयोग उलटाच होतो. न्यायमूर्ती रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर नियुक्त झाले, न्यायमूर्ती अब्दुल नझीर दीड महिन्याच्या आत राज्यपाल. त्यांनी काही देवाणघेवाण केली असं मी म्हणत नाही. पुढच्या न्यायमूर्तीच्या डोळ्यांसमोर ते चित्र राहतं, मला एवढंच पुरेसं आहे.

तेव्हा कॉलेजियम की आयोग हा वाद चालू द्यावा, पण त्याच्या निकालाची वाट न पाहता तीन गोष्टी करता येतील. अतिरिक्त न्यायमूर्ती ही उमेदवारी बंद करून नेमायचं तर पहिल्या दिवसापासून कायम नेमावं. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीची बदली त्याच्या संमतीनेच, आणि संमती नसेल तर सविस्तर कारण जाहीर करून. निवृत्तीनंतर किमान तीन वर्षं सरकारने दिलेलं कोणतंही पद नाही. खालच्या न्यायाधीशांची बदली मुळीच नको असं मी म्हणणार नाही. एकाच तालुक्यात पंधरा वर्षं बसलेला न्यायाधीश तिथल्या सावकारांचा आणि पुढाऱ्यांचा होऊन जातो, हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण बदलीला ठरलेली मुदत असावी आणि मुदतीआधी ती होऊ नये.

अमेरिकेतही ही कडी खिळखिळी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२५च्या मार्चमध्ये निर्वासनाच्या विमानांना थांबवणारा हुकूम दिला म्हणून जेम्स बोसबर्ग या जिल्हा न्यायाधीशावर महाभियोग चालवा, अशी मागणी खुद्द राष्ट्राध्यक्षांनी केली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्याच दिवशी निवेदन काढून सांगितलं की निकाल पटला नाही तर त्यावर महाभियोग हा उपाय नव्हे, अपील आहे.

वेअरिंग १९६८च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये वारले. दफनासाठी त्यांना चार्ल्सटनला आणलं गेलं. काळे शोकार्थी दोनशेच्या आसपास होते, गोरे डझनभर. २०१५ साली चार्ल्सटनच्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला वेअरिंग यांचं नाव दिलं गेलं. त्याआधी तिथे अर्नेस्ट हॉलिंग्ज यांचं नाव होतं, दक्षिण कॅरोलायनाचे ३८ वर्षं सिनेटर राहिलेले. आपलं नाव उतरवा आणि न्यायाधीशाचं लावा, ही विनंती हॉलिंग्ज यांनी स्वतःच केली होती.